हे माझं नेहमीचं दुखणं नाही!

नोव्हेंबर २०१२. दिवाळी नुकतीच आटोपली होती आणि नागपुरात पहाटेचा गारवा चांगलाच जाणवू लागला होता. माझी भाची बाळंतपणासाठी आमच्याकडे होती. खरं तर माहेर तिच्या आईचं. पण ताईचे गुडघे साथ देत नव्हते, तालुक्याच्या गावी सोयीही बेताच्याच. म्हणून मीच म्हटलं, ‘हिला माझ्याकडे पाठव, मावशी काही परकी नाही.’ सिझेरियन झालं, मुलगा झाला, पाचव्या दिवशी मायलेकरं घरी आली. खोलीच्या खिडक्या बंद झाल्या. बाजेखाली शेगडी आली. डिंकाचे लाडू झाले. मालीशवाल्या बाईंना निरोप गेला. आईच्या आणि आजीच्या काळात जे जे झालं, ते सारं मी हौसेनं केलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, ‘मावशी, डावी पोटरी ठणकतेय.’

तिच्या तोंडून ‘ठणकतंय’ हे आम्ही तिच्या लहानपणापासून ऐकत आलो होतो. भाची सिकलसेलग्रस्त आहे. आमच्या विदर्भातल्या भाषेत सांगायचं तर तिचा ‘एसएस पॅटर्न’. थंडी पडली, ताप आला, पाणी कमी प्यालं की तिचे हातपाय, कंबर, बरगड्या दुखायला लागत. दोन-चार दिवस गोळ्या, भरपूर पाणी, गरम कपडे आणि अंथरूण. फारच झालं तर सलाईन. घरात त्याला नावच पडलं होतं, ‘तिचं दुखणं आलं.’ तेव्हा मी म्हटलं, ‘थंडी आहे ना, तुझं दुखणं आलं असेल. उद्या बाईंना सांगते, पायाला जरा जास्त तेल लावा.’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मावशी, हे माझं नेहमीचं दुखणं नाही.’

आज इतक्या वर्षांनी हा लेख लिहायला बसले आहे, तो त्या एका वाक्यासाठी. कारण ते मी ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. आणि मी काही अडाणी बाई नव्हते. मी जीवशास्त्राची शिक्षिका. सिकलसेलचा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृत्या काढून शिकवला. १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्याचं प्रसिद्ध केलं. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा रेणूचा आजार आहे असं दाखवलं. पुढे व्हर्नन इनग्राम यांनी तो दोष हिमोग्लोबिनच्या साखळीतल्या अवघ्या एका दुव्यात आहे हे शोधून काढलं. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण बाजेवर पडलेल्या मुलीची पोटरी का ठणकते आहे, हे मला कळलं नाही.

दहाव्या दिवशी मालीश झाली. बाईंनी पोटरी चांगली रगडली. भाची कळवळली; आम्ही म्हटलं, ‘मोकळं होतंय.’ अकराव्या दिवशी सकाळी ती न्हाणीघरापर्यंत चालत गेली आणि दाराची चौकट धरून उभी राहिली. श्वास पुरत नव्हता. छातीत उजव्या बाजूला, श्वास घेतला की कळ येत होती. ओठांचा रंग उतरला होता.

रिक्षानं एका रुग्णालयात नेलं. मी दारातच सांगितलं, ‘सिकलसेल आहे.’ ते सांगणं योग्यच होतं, पण त्यानंतर पुढचा विचार थांबला. ‘क्रायसिस दिसतोय’ असं म्हणून ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी सलाईन लावलं, ऑक्सिजन लावला, वेदनाशामक इंजेक्शन दिलं. पायाचं कोणी विचारलं नाही, आणि छातीच्या गडबडीत आम्हीही सांगितलं नाही. दुपारी एक वयस्कर डॉक्टरीणबाई फेरीला आल्या. त्यांनी केसपेपर वाचला, आणि छातीला स्टेथोस्कोप लावण्याआधी पायावरची चादर बाजूला केली. दोन्ही पोटऱ्यांकडे पाहिलं. सिस्टरकडून मापाची टेप मागवली. डावी पोटरी उजवीपेक्षा चार सेंटिमीटर जास्त भरली.

‘मालीश केलीत का?’ त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं. मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली, छातीचा सीटी स्कॅन झाला. पोटरीतल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा सुटून हृदयामार्गे फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकला होता. मालीशमुळेच तो सुटला का, हे कोणी ठामपणे सांगू शकत नाही. पण ज्या पायात गुठळी असू शकते तो रगडायचा नसतो, हे त्या दिवशी मी शिकले. हेपरिनची इंजेक्शनं सुरू झाली. तीन रात्री आम्ही दवाखान्याच्या पायऱ्यांवर काढल्या. घरी शेजारच्या काकू बाळाला सांभाळत होत्या. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडून विचारलं, ‘बाळ दूध पितं का?’ आणि मला पहिल्यांदा रडू आलं.

गुठळी होते कशी?

नंतरच्या फेऱ्यांमध्ये त्या डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावलं, आणि पुढे मी स्वतः जे वाचत गेले, ते वाचकांसमोर साध्या शब्दांत मांडते.

एकोणिसाव्या शतकातल्या रुडॉल्फ फिरखो या जर्मन शास्त्रज्ञाचं नाव रक्ताच्या गुठळीशी कायमचं जोडलं गेलं आहे. वाहिनीत रक्त साकळायला तीन गोष्टी कारण होतात: रक्त संथ होणं, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताचीच साकळण्याची वृत्ती वाढणं. नदीला गाळ कुठे धरतो? जिथे पाणी मंदावतं, काठ खडबडीत असतो आणि पाणीच गढूळ असतं. शरीरातही तसंच.

सिकलसेलमध्ये या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. निरोगी तांबडी पेशी मळलेल्या कणकेच्या गोळीसारखी मऊ असते. अरुंद वाहिनीतून दबून, वाकून निघून जाते. सिकलसेलची पेशी प्राणवायू सोडल्यावर ताठ होते, विळ्यासारखी वाकडी होते आणि अडकते. रक्त संथ झालं. या पेशी वाहिनीच्या अस्तराला चिकटतात, त्याला चेतवतात. इजाही झाली. शिवाय त्या लवकर फुटतात. फुटलेल्या पेशीतलं मोकळं हिमोग्लोबिन रक्तातला नायट्रिक ऑक्साईड खाऊन टाकतं. वाहिन्या सैल ठेवायचं आणि रक्तकणिकांना आवरायचं काम हाच वायू करत असतो. त्यातच, गोधडी उसवून आतलं अस्तर बाहेर यावं तशी या पेशींच्या आवरणाची आतली बाजू बाहेर येते आणि त्या पृष्ठभागावर साकळण्याची क्रिया वेग घेते. एरवी असल्या बिघडलेल्या पेशी प्लीहा, म्हणजे आपल्याकडे जिला पाणथरी म्हणतात ती, गाळून काढते. पण सिकलसेलग्रस्तांची पाणथरी बहुधा लहानपणीच निकामी होत गेलेली असते. गाळणंच उरत नाही.

अशा शरीराला बाळंतपण आलं की भर पडते. गरोदरपणी आणि बाळंतपणानंतर सुमारे सहा आठवडे प्रत्येकच स्त्रीचं रक्त जास्त साकळतं. रक्तस्राव थांबावा म्हणून निसर्गानंच केलेली ती सोय आहे. वर सिझेरियनची शस्त्रक्रिया. आणि त्यावर आमचे लाड! ‘बाजेवरून उठू नको’, ‘पाणी फार पिऊ नको, पोट सुटेल’, शेगडीची धग, येणारा घाम. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, ‘दिवसाला पाणी किती देत होतात?’ मी उकळून, मोजून देत होते. दोन-अडीच तांबे. सिकलसेलच्या मुलीला! जिला आम्ही एरवी ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून धाक घालायचो, तिला बाळंतीण झाल्याबरोबर तहानलेली ठेवलं. परंपरा वाईट नसते. आजीनं जे केलं ते तिच्या समजुतीप्रमाणे मायेनंच केलं. पण कुणासाठी काय केलं जातंय, याचा विचार परंपरा करत नाही. तो आपण करायचा असतो.

हे प्रमाण किरकोळ नाही. अमेरिकेत बाल्टिमोर इथल्या एका मोठ्या केंद्रातील ४०४ प्रौढ सिकलसेलग्रस्तांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १०१ जणांना, म्हणजे चौघांतल्या एकाला, कधी ना कधी अशी गुठळी झालेली होती. आणि पहिल्या गुठळीच्या वेळचं मध्यम वय होतं जेमतेम तीस. एरवी हा उतारवयातला आजार समजला जातो. त्या संशोधकांनी आपल्या निबंधाच्या मथळ्यातच या त्रासाला गंभीर पण कमी ओळखला जाणारा म्हटलं आहे. कमी ओळखला जातो, कारण तो ‘नेहमीच्या दुखण्या’च्या वेषात येतो. पाय दुखला, क्रायसिस. छाती दुखली, क्रायसिस. गुठळीचा संशय आला की एरवी करतात ती डी-डायमरची रक्ततपासणीही इथे फारशी कामाची नाही; सिकलसेलमध्ये तो आकडा बहुधा वाढलेलाच असतो. म्हणून शेवटी पायावरची चादर बाजूला करणारं माणूसच लागतं.

मेंदूच्या रक्तवाहिन्यांनाही हा आजार सोडत नाही. लहान मुलांना पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, डोक्याच्या डॉपलर तपासणीत धोका दिसलेल्या मुलांना नियमित रक्त दिलं तेव्हा पहिल्या झटक्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक घटलं. मुलाचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून घरी बसू नये.

वाहकांनी घाबरायचं का?

आता माझ्याकडे येते. ताई आणि तिचे यजमान दोघेही वाहक, ‘एएस पॅटर्न’. म्हणून भाचीला आजार आला. दोघे वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक होण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. भाचीच्या प्रकरणानंतर मीही तपासून घेतलं. मी वाहक निघाले. साठीच्या उंबरठ्यावर मला माझ्या रक्ताची ओळख झाली!

वाहकाला आजार नसतो, हे पहिल्यांदा ठसवून सांगते. तो शाळेत जातो, शेत नांगरतो, कबड्डी खेळतो, ऐंशी वर्षं जगतो. मलेरियापासून तर त्याला लहानपणी थोडं संरक्षणच मिळतं. अँथनी अॅलिसन यांनी १९५४ साली ते आफ्रिकेत दाखवून दिलं. जंगलपट्टीत हे जनुक टिकून राहिलं त्याचं कारण तेच. पण गुठळीच्या बाबतीत वाहकही अगदी इतरांसारखाच नसतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये शिरेतल्या गुठळीचा धोका सुमारे दुप्पट आढळला, आणि फुप्फुसात जाणाऱ्या गुठळीचा त्याहूनही जास्त. नंतरच्या अभ्यासांतही फुप्फुसाचा धोका वाढलेलाच दिसला.

‘दुप्पट’ हा शब्द मोठा वाटतो, म्हणून जरा हिशेब करू. पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारण माणसांमध्ये वर्षाला हजारी सुमारे एकाला अशी गुठळी होते. त्याच्या दुप्पट म्हणजे हजारी दोन. उरलेले नऊशे अठ्ठ्याण्णव निर्धास्त. म्हणजे वाहकानं रोज औषध घ्यायचं, काळजीनं झुरायचं असं काही नाही. फक्त जिथे इतरांनाही धोका असतो, म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, प्लास्टर घालून पडून राहणं, बाळंतपण, रात्रभराचा प्रवास, तिथे त्यानं एक वाक्य न विसरता सांगायचं: ‘मी सिकलसेल वाहक आहे.’ मी पुण्याला गाडीनं जाते तेव्हा दर दोन तासांनी डब्यातून एक चक्कर मारते. सहप्रवासी हसतात. हसू देत.

हे लिहिताना एक भीती मनात आहे, ती बोलून टाकते. ‘वाहकाला गुठळीचा धोका’ एवढंच वाचून कुणी ठरलेलं लग्न मोडू नये. आमच्याकडे आधीच स्थळ पाहताना मुलीचं कार्ड लपवलं जातं आणि मुलाचं तपासलंच जात नाही. तपासणी दोघांची व्हावी, आणि ती नाकारण्यासाठी नव्हे, तर समजून-उमजून निर्णय घेण्यासाठी. भाचीच्या नवऱ्यानं लग्नाआधी स्वतः होऊन रक्त तपासून घेतलं होतं. तो निरोगी, म्हणून त्यांच्या मुलाला आजार होण्याची भीती नव्हती. तो वाहक असणार हे मात्र ठरलेलंच होतं. तिचा आजार ठाऊक असून त्यानं तिला पत्करलं, हे मला फार मोठं वाटतं. दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझ्या शेजारी तोच बसला होता.

थॅलेसेमियाच्या घरांसाठी

ही गोष्ट केवळ सिकलसेलची नाही. थॅलेसेमियाही हिमोग्लोबिनचाच आनुवंशिक दोष. आपल्याकडे सिंधी, लोहाणा अशा समाजांत त्याचं प्रमाण जास्त आहे; ईशान्य भारतात आणि बंगालात हिमोग्लोबिन-ई हा प्रकार आढळतो. थॅलेसेमियाच्या ‘इंटरमीडिया’ प्रकारात रुग्णाला नेहमी रक्त द्यावं लागत नाही, त्यामुळे तो सौम्य समजला जातो. पण भूमध्य सागराच्या परिसरातल्या देशांतील आणि इराणमधील ८,८६० थॅलेसेमिया रुग्णांच्या २००६ सालच्या पाहणीत, गुठळीचं प्रमाण तीव्र प्रकारापेक्षा या ‘सौम्य’ प्रकारात चौपटीहून अधिक निघालं. ज्यांची पाणथरी शस्त्रक्रियेनं काढलेली असते त्यांना धोका विशेष. बिघडलेल्या पेशी गाळल्या जात नाहीत आणि रक्तकणिकांची संख्याही वाढते. घरात कुणाची पाणथरी काढलेली असेल, तर तो ऑपरेशनचा कागद जपून ठेवा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांना दाखवा.

लक्षात ठेवायच्या चार गोष्टी

एकच पाय सुजला, गरम लागला, पोटरी दाबल्यावर दुखली, तर मालीश नाही, शेक नाही; त्याच दिवशी डॉक्टर. अचानक धाप लागली, श्वासाबरोबर छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर आली, तर थेट मोठा दवाखाना, आणि तिथे पायाचंही सांगायचं. सिकलसेलचा रुग्ण कशासाठीही भरती झाला तर नातेवाइकांनी नम्रपणे विचारावं, ‘गुठळी होऊ नये म्हणून काही देणार आहात का?’ विचारण्यात अपमान कुणाचाच नाही. आणि पाळणा लांबवण्याच्या गोळ्या मैत्रिणीच्या सल्ल्यानं घेऊ नयेत. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो. दुसरे सुरक्षित उपाय आहेत, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावेत.

आता मदतही पूर्वीपेक्षा जवळ आली आहे. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार इथल्या आदिवासी, दलित आणि इतर अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. भारतात तो पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरात. पण कायद्याच्या पुस्तकात अपंगत्व म्हणून त्याची नोंद व्हायला २०१६ साल उजाडलं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासी भागातल्या चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ हे उद्दिष्टाचं वर्ष. तपासणी होईल, कार्डं मिळतील. पण कार्डावर ‘एसएस’ लिहिलं म्हणजे त्या मुलीच्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर सापडलं, असं मात्र होऊ नये.

भाची बरी झाली. पुढचे कित्येक महिने रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालल्या. दर काही दिवसांनी तपासणीसाठी सुई, जेवणात पालक-मेथीचं प्रमाण एकसारखं ठेवायचं, दात घासताना जपायचं. गरोदरपणात बंद केलेली हायड्रॉक्सीयुरियाची गोळी अंगावरचं दूध सुटल्यावर पुन्हा सुरू झाली. मुलगा आता उंचीनं आईच्या वर गेला आहे.

मध्यंतरी ती आली होती. मी पाट पुसून उठताना नकळत ‘आई गं’ म्हटलं आणि गुडघा धरला. ती लगेच जवळ आली. ‘काय होतंय मावशी?’ मी म्हटलं, ‘काही नाही गं, नेहमीचंच.’

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं, माझ्यासमोर खाली बसली आणि माझे दोन्ही पाय नीट पाहिले. मग म्हणाली, ‘नेहमीचंच आहे का, ते आधी बघू दे.’